केलथॉर्पचं चुंबन-फाटक

रघुवीर देवस्थळी हा मनुष्य मुळात भांडखोर नव्हे. नॉटिंगहॅममधल्या एका विमा कंपनीचे कॉम्प्युटर तो सांभाळतो, रस्त्यात चिटपाखरू नसलं तरी लाल सिग्नलला थांबतो, आणि कोणी त्याच्या पायावर पाय दिला तर आधी तोच सॉरी म्हणतो. अशा पापभीरू माणसाच्या नावावर काउंटी कौन्सिलच्या दप्तरी 'चुंबनास सांस्कृतिक आक्षेप' अशी नोंद व्हावी, याला नशीब म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

बरं, या सगळ्याचं मूळ काय, तर दोन फळ्या. केलथॉर्प हे नॉटिंगहॅमच्या बाहेरचं जुनं गाव. गावाच्या अलीकडे बिल्डरने नवी घरं बांधली, त्यात आपली मंडळी राहायला आली. नवी घरं आणि जुनं गाव यांच्या मधे हॅलम नावाच्या शेतकऱ्याचं कुरण, कुरणात मेंढ्या, आणि त्यांच्यामधून जाणारी पायवाट. वाट सार्वजनिक, कोणीही जावं. फक्त वाटेच्या तोंडाशी कुंपण आहे आणि कुंपणाला दार नाही! दाराऐवजी दोन आडव्या फळ्या ठोकलेल्या. त्यावर चढायचं, एक टांग पलीकडे टाकायची आणि देवाचं नाव घेऊन उतरायचं. याला इथे स्टाइल म्हणतात. पँटवाल्यांचं ठीक आहे हो. पण नेसूची साडी, वय पंच्याहत्तर आणि दोन्ही गुडघे संपावर, अशा बाईने काय करावं?

ही बाई म्हणजे रघुवीरची आई, लीलावतीबाई. मुक्काम पोस्ट सातारा. त्या उन्हाळ्यापुरत्या मुलाकडे आल्या आणि पहिला महिना त्यांनी खिडकीत बसून काढला. रघुवीर ऑफिसला, सून अरुणा हॉस्पिटलच्या ड्युटीला, नात अन्वी शाळेत. खिडकीतून दिसायचं काय, तर कचऱ्याची गाडी. "रघू," त्या एका सकाळी म्हणाल्या, "माझं तिकीट अलीकडं आण. कचऱ्याची गाडी साताऱ्यातबी येते. तिथली गाणं तरी म्हणते."

रघुवीरच्या ते जिव्हारी लागलं. आता गेली तर आई पुन्हा यायची नाही, हे त्याला पक्कं कळलं होतं. म्हणून तो तिला हट्टाने कुरणाकडे फिरायला न्यायला लागला, आणि तिथे चमत्कार झाला. फळ्यांच्या पलीकडे एक म्हातारी उभी होती. नाव ग्लेनिस, गावातलीच, नवरा वारलेला, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे तीही फळ्यांपाशी अडलेली. तिने लीलावतीबाईंच्या स्वेटरकडे बोट दाखवलं, लीलावतीबाईंनी तिच्या स्वेटरकडे. झालं! दुसऱ्या दिवसापासून दोघी आपापल्या बाजूने घडीच्या खुर्च्या आणून कुंपणाशी बसायला लागल्या. एकीला इंग्रजी येईना, दुसरीला मराठी, पण विणकामाच्या टाक्यांना भाषा लागत नाही. इकडून बेसनाचे लाडू जायचे, तिकडून गूजबेरीचा जॅम यायचा. लीलावतीबाई तिकिटाचं नाव काढेनाशा झाल्या.

पण माणूस आहे, कुंपणावर किती दिवस भागणार? ग्लेनिसने चहाला बोलावलं. लीलावतीबाईंनी पदर खोचला आणि फळीवर पाय ठेवला. साडी खिळ्यात अडकली, एक पाय हिंदुस्थानात आणि एक इंग्लंडात अशी अवस्था झाली, मेंढ्या जमा झाल्या. ग्लेनिसने अखेर लोकर कापायच्या कात्रीने साडीचा काठ कापून त्यांना सोडवलं. चहा झाला, पण परत यायची हिंमत होईना. रघुवीरला ऑफिसातून उठून, मोठ्या रस्त्याने वळसा घालून आईला गाडीतून आणावं लागलं. त्या रस्त्याला फुटपाथ नाही आणि गाड्या अशा येतात की चालत जायचं नावच नको. "पुन्हा त्या फळ्यांवर चढायचं नाही," त्याने फर्मावलं. दुसऱ्या दिवशी आई परत खिडकीत बसली.

तेव्हा रघुवीरने ठरवलं, तिथे एक फाटक बसवून घ्यायचं. एक साधं लाकडी फाटक! असं किती अवघड असणार?

इंग्लंडात एखादं काम करून घ्यायचं असलं तर ते कोणाचं नाही हे आधी शोधून काढावं लागतं. शेजारच्या राजीवला हे ठाऊक असायला हवं होतं. राजीव मूळ नागपूरचा, इथे येऊन बरीच वर्षं झालेला, आणि कुठल्याही विषयावर सल्ला मागण्याआधीच देणारा. "सोपं आहे बे," तो म्हणाला. "टॅक्स कोणाला भरतोस? बरो कौन्सिलला. मग त्यांनाच फोन कर ना."

बरो कौन्सिलची बाई गोड बोलली. म्हणाली, कचरा आमचा, बांधकामाची परवानगी आमची, पायवाट मात्र काउंटी कौन्सिलची. काउंटीचा साहेबही गोड बोलला. म्हणाला, वाट आमची खरी, म्हणजे वाटेवरून जायचा तुमचा हक्क आम्ही राखतो, पण कायद्याने फळ्या ज्याची जमीन त्याच्या. आणि फाटकाच्या खर्चाचं म्हणाल तर तुमच्या पॅरिश कौन्सिलला विचारा.

रघुवीरने फोन ठेवला आणि मनातल्या मनात तक्ता मांडला. काउंटी म्हणजे जिल्हा परिषद, बरो म्हणजे पंचायत समिती. आणि पॅरिश? "पॅरिश म्हणजे चर्च," राजीवने कुंपणावरून ठामपणे सांगितलं. "पाद्रीबुवाला भेट. सूट घालून जा, इम्प्रेशन पडतं."

तर रविवारी रघुवीर सूट घालून चर्चमध्ये गेला, अख्खी प्रार्थना शेवटच्या बाकावर बसून ऐकली, स्तोत्राच्या वेळी ओठही हलवले, आणि शेवटी पाद्रीबुवांसमोर फाटकाचा विषय काढला. पाद्रीबुवांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. गावात नवं माणूस चर्चला आल्याचा आनंद त्यांच्या डोळ्यांत मावत नव्हता. "बाळा," ते म्हणाले, "पॅरिश कौन्सिलचा आणि देवाचा एकोणिसाव्या शतकापासून काही संबंध राहिलेला नाही. ते लोक व्हिलेज हॉलमध्ये बसतात." एवढं बोलून त्यांनी रघुवीरचं नाव चर्चच्या फुलं सजवणाऱ्या मंडळात घातलं. ते अजून आहे.

म्हणजे पॅरिश कौन्सिल ही निव्वळ ग्रामपंचायत निघाली! साताऱ्यातून सुटून, पुण्यात शिकून, विमानात बसून माणूस विलायतेला जातो आणि शेवटी कुठे पोचतो, तर ग्रामपंचायतीत. रघुवीरला हे इतकं लागलं की त्याने ऑफिसात कोणाला सांगितलं नाही.

पंचायतीच्या बैठकीत कुत्र्यांच्या विष्ठेच्या डब्यावर घनघोर चर्चा झाली. डबा चिंचोळ्या गल्लीच्या कोपऱ्यावर असावा की पोस्टाच्या पेटीजवळ, यावरून दोन माणसं एकमेकांशी बोलायची बंद झाली. मग रघुवीरला बोलायची संधी मिळाली. त्याने आईचं, ग्लेनिसचं, फळ्यांचं सगळं सांगितलं. अध्यक्ष चष्मा काढून म्हणाले, "फारच इंटरेस्टिंग सूचना." रघुवीर उड्या मारत घरी आला. "पास झालं!"

"नेमकं काय म्हणाले?" अरुणाने विचारलं. ती रोज इंग्रज डॉक्टरांत वावरते.

"इंटरेस्टिंग. तेही फारच!"

"अरे देवा," अरुणा म्हणाली. "म्हणजे नाही."

पण या वेळी अरुणाही चुकली. पंचायतीला खरंच पटलं होतं. अट एवढीच, की शेतकरी हॅलमने हो म्हणायला हवं. रघुवीर हॅलमच्या गोठ्यात गेला. चिखलात ऑफिसचे बूट रुतले. "काय पाहिजे, मी डक?" हॅलमने विचारलं. डक! बदक! जेमतेम ओळख आणि हा माणूस पंचेचाळीस वर्षांच्या सीनियर ॲनालिस्टला बदक म्हणतो? घरी आल्यावर अरुणाने सांगितलं की इकडे प्रेमाने सगळ्यांनाच 'मी डक', म्हणजे 'माझ्या बदका', म्हणतात, तिचे पेशंट तिला म्हणतात, बस ड्रायव्हर म्हणतो. तरी रघुवीरच्या मनातून ते बदक काही गेलं नाही. असो. हॅलमचं म्हणणं रास्त होतं. साधं फाटक लावलं की लोक ते उघडं टाकतात आणि मेंढ्या मोठ्या रस्त्यावर जातात. मेंढ्या अडतील आणि माणसं जातील असं फाटक असेल तर माझी ना नाही, असं तो म्हणाला.

मग एके दिवशी काउंटीची ईमेल आली. 'श्री. हॅलम यांची किसिंग गेटला संमती आहे. पॅरिश कौन्सिल खर्च उचलण्यास तयार आहे. आपल्या मातोश्रींना किसिंग गेट चालेल ना, तेवढं कळवावं.'

रघुवीरने ईमेल पुन्हा पुन्हा वाचली. किसिंग गेट? आपल्या मातोश्रींना? त्याचे कान तापले. म्हणजे हे कसलं गेट? सर्च करून बघावं, तर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर 'किसिंग' टाइप करायचं म्हणजे एचआरला आमंत्रण, आणि घरच्या लॅपटॉपवर अन्वीचा होमवर्क चाललेला. अरुणाला विचारावं तर ती डबल शिफ्टला. उरला राजीव.

"अरे असतं ना तसं," राजीव म्हणाला. एक क्षणही त्याने विचार केला नाही. "हेरिटेज! गावागावात लव्हर्ससाठी राखीव फाटक असतं. जोडप्याने जायचं. एकट्याला अलाउड नाही."

"पण हॅलम म्हणाला मेंढ्या अडतात."

"अडतीलच ना. मेंढ्या कशाला किस करतील?"

रघुवीरला हा तर्क पटला. त्याने दार लावून घेतलं आणि काउंटीला बाणेदार उत्तर लिहिलं. 'माझ्या मातोश्री वयस्कर असून विधवा आहेत. आपल्या रिवाजांविषयी मला पूर्ण आदर आहे. तथापि आमच्या संस्कृतीत या प्रकारच्या फाटकातून त्यांना जाणं शक्य होणार नाही. कृपया नॉन-किसिंग गेट द्यावं.' पाठवल्यावर त्याला फार बरं वाटलं. परदेशात राहूनही आपण ताठ कण्याने राहिलो, असं काहीसं.

आता इंग्रजांचा एक स्वभाव आहे. तुम्ही म्हणालात की मला त्रास होतो, तर ते म्हणतील अर्ज करा. पण तुम्ही म्हणालात की माझ्या संस्कृतीला त्रास होतो, की सगळं ऑफिस खडबडून उठतं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. झालेल्या मनस्तापाबद्दल काउंटी मनापासून दिलगीर होती. समाजाच्या भावना लक्षात घेऊन किसिंग गेटचा प्रस्ताव मागे घेण्यात आला होता. आणि भावना समजून घ्यायला समानता विभागाची एक अधिकारी घरी येणार होती.

ती आली. सोफी नावाची, तरुण, हातात वही, चेहऱ्यावर अपार सहानुभूती. मातोश्रींशी प्रत्यक्ष बोलायचं आहे म्हणाली. रघुवीर म्हणाला, मी आहे ना भाषांतराला. सोफी म्हणाली, नाही, नियमाप्रमाणे घरचं माणूस चालत नाही. तिने फोन लावून टेबलावर ठेवला. मँचेस्टरहून एक दुभाषी बाई बोलायला लागल्या. अस्सल शुद्ध मराठी, एकेक अक्षर सुटं.

"नमस्कार आजी. काउंटी परिषदेच्या वतीने विचारण्यात येत आहे की, फाटकातील चुंबनास आपला आक्षेप कोणत्या स्वरूपाचा आहे?"

लीलावतीबाईंनी फोनकडे पाहिलं, सोफीकडे पाहिलं, मग रघुवीरकडे पाहिलं. रघुवीर छताकडे बघत होता.

"चुंबन?" त्या म्हणाल्या. "कुणी घेतलं? कुणाचं?"

दुभाषी बाईंनी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. सोफीने वहीत लिहून घेतलं आणि हळुवारपणे म्हणाली, "त्यांना विचारा, अशा फाटकामुळे त्यांना असुरक्षित वाटतं का?"

"आजी, चुंबन-फाटकामुळे आपणांस असुरक्षित वाटते काय?"

"अगं बाई, मला फळ्यांमुळं असुरक्षित वाटतं! माझी साडी फाटली त्या फळ्यांवर! हे चुंबनाचं काय काढलंत तुम्ही सगळ्यांनी?"

एवढ्यात अन्वी शाळेतून आली. तिने दप्तर टाकलं, सोफीने टेबलावर ठेवलेली बापाच्या ईमेलची प्रत वाचली आणि त्याच्याकडे वळली. "बाबा, तू असं लिहिला? ओ माय गॉड. किसिंग गेट म्हणजे तसा नाही! आमचा हाइकवर किती होते!" आणि तिने फोनवर फोटो दाखवला. एक साधंसुधं झुलतं फाटक, अर्धगोल कुंपणात बसवलेलं. आत शिरायचं, फाटक पुढे ढकलायचं, बाहेर पडायचं. एका वेळी एक माणूस जातो, मेंढी जात नाही. फाटक दोन्ही बाजूंच्या खांबाला नुसतं टेकतं, म्हणून किसिंग. बस्स. त्या टेकण्यात कोणाची इभ्रत जायचं काही कारण नव्हतं.

फोनमधून दुभाषी बाई म्हणाल्या, "याचेही भाषांतर करू का?"

लीलावतीबाईंना हसू फुटलं ते थांबेना. पण सोफी फोन उचलून गेल्यावर त्यांनी रघुवीरला समोर बसवलं. "हसले रे मी," त्या म्हणाल्या, "पण रघू, तू माझ्या नावानं लिहिलंस आणि मला विचारलं नाहीस. माझ्या पायाचं फाटक ते. मला कशातनं जायला लाज वाटते ते मी सांगीन की." आतापर्यंत बदक म्हटल्याचा अपमान रघुवीरने मोठा मानला होता. आईचे हे शब्द त्याहून कितीतरी जास्त लागले, आणि ते रास्त होते.

त्याने ताबडतोब काउंटीला फोन केला. आक्षेप मागे घेतो म्हणाला. साहेब हळहळले. प्रस्ताव मागे घेतल्याचं पंचायतीला रीतसर कळवलं आहे, आता पंचायतीनेच काय ते करावं. पंचायतीच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर विषय एकच आहे, 'किसिंग गेटचा प्रस्ताव मागे घेतल्याची नोंद घेणे'. नव्याने फाटक मंजूर करणं पत्रिकेवर नाही. आणि पत्रिकेवर नसलेल्या विषयावर ठराव केला तर तो बेकायदा. त्यापुढची बैठक? ती उन्हाळ्याच्या सुटीनंतर. तोवर लीलावतीबाई साताऱ्याला.

बैठकीला सगळे गेले. अरुणा सुटी काढून आली, राजीव सल्ला द्यायला आला, हॅलम बूट पुसून आला, ग्लेनिस काठी टेकत आली आणि लीलावतीबाईंच्या शेजारी बसली. चहाच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच दोघींच्या मधे कुंपण नव्हतं. रघुवीर उभा राहिला. क्रॉस-कल्चरल कम्युनिकेशन असा एक शब्द त्याने पाठ करून आणला होता, तो नेमका विसरला. तेव्हा लीलावतीबाईंनी त्याचा कोट धरून त्याला खाली बसवलं आणि स्वतः उठल्या.

"चेअरमन डक," त्या म्हणाल्या. "माय सन इज शाय. आय ॲम नॉट शाय. आय वाँट किसिंग." इथे त्यांना शब्द आठवेना. त्यांनी ग्लेनिसकडे पाहिलं, ग्लेनिस डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होती. "गेट! ग्लेनिस वाँट, आय वाँट. यू प्लीज गिव्ह. थँक्यू."

डब्यावरून अबोला धरलेली ती दोन माणसंसुद्धा टाळ्या वाजवताना एकमेकांकडे बघून हसली. अध्यक्षांनी चष्मा काढला. "फारच इंटरेस्टिंग," म्हणाले, आणि रघुवीरने अरुणाकडे पाहिलं. "पण ठराव करता येत नाही. पत्रिकेवर नाही." त्यांनी सेक्रेटरीबाईंकडे पाहिलं. सेक्रेटरीबाईंनी कागदाकडे पाहिलं.

"पत्रिकेवर असं आहे," त्या सावकाश म्हणाल्या, "की प्रस्ताव मागे घेतल्याची नोंद घ्यायची. कौन्सिलने नोंद घेतलीच पाहिजे असं काही कायद्यात नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नोंद न घेण्याचा ठराव होऊ शकतो. नोंद नाही, तर आपल्या लेखी प्रस्ताव मागे घेतलेलाच नाही. आणि मूळ मंजुरी तशीच आहे."

"नोंद घेऊ नये असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत," अध्यक्ष म्हणाले. सगळे हात वर गेले. राजीवनेही केला. त्याला मताचा अधिकार नाही हे त्याला सांगावं लागलं.

फाटक बसलं त्या दिवशी पंचायत, हॅलम आणि अर्धी नवी वसाहत कुरणाशी जमली. लीलावतीबाईंनी फाटकाला हळदकुंकू लावलं. मग आत शिरल्या, ढकललं, आणि कुठेही न अडकता इंग्लंडात उतरल्या. ग्लेनिसने त्यांना धरलं आणि त्यांच्या गालावर मोठ्याने पापी घेतली.

"अगं अगं, हे काय?" लीलावतीबाई लाजल्या.

"नियम आहे, डक," ग्लेनिस म्हणाली आणि अन्वीने समजावलं. गावची पद्धत अशी, की जो आधी पलीकडे जाईल त्याने फाटक धरून ठेवायचं आणि मागच्याला पापी घेतल्याशिवाय सोडायचं नाही. म्हणजे राजीव अगदीच चुकला नव्हता, आणि हे त्याने जमलेल्या प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं.

मागून रघुवीर फाटकात शिरला. लीलावतीबाईंनी फाटक दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"आई, सोड ना. सगळे बघताहेत."

"बघू देत की."

"आई, मी पंचेचाळीस वर्षांचा आहे."

"म्हणूनच म्हणते. मुंज झाली त्या दिवसापासनं तू गाल पुढं केला नाहीस. आता कायदा माझ्या बाजूचा आहे." त्यांनी फाटक आणखी दाबलं. "वाकतोस का राहतोस मेंढीसारखा अडकून?"

रघुवीरने पुढेमागे पाहिलं. मेंढ्या त्याच्याकडेच बघत होत्या, पंचायतही. त्याचे कान लाल झाले. मग तो वाकला, आणि ज्या गोष्टीला त्याचा लेखी सांस्कृतिक आक्षेप होता ती गोष्ट डोळे मिटून, फाटक उघडेपर्यंत, मुकाट्याने होऊ दिली.